‘हाताचा अंदाज’ आता पुरेना

कोरपना : आवारपूर, गडचांदूर आणि उपरवाही येथील सिमेंट कारखान्यांमुळे कोरपना तालुक्यातील रस्ते सदैव गजबजलेले असतात. धूळ, खड्डे आणि ४५ अंशांपलीकडे जाणारा उन्हाळा यांमुळे मोटारींची कामेही वारंवार निघतात. त्यांचा मोठा भार रस्त्याकडेची गॅरेज उचलतात. तेथे बोल्ट किती आवळायचा, हे बहुधा मेकॅनिकचे मनगटच ठरवते. मात्र १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या ‘बीएस-६’ मानकांच्या मोटारींत हा अंदाज महागात पडू शकतो.

या मानकांमुळे इंजिनाभोवती सेन्सरचे जाळे वाढले. ते ज्या भागांवर बसतात, ते अनेकदा ॲल्युमिनियमचे वा प्लास्टिकचे असतात. तेथील छोट्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पीळ पुरतो. म्हणजे २० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला जेमतेम ५ किलोचा जोर. चाकाच्या नटाला याच्या दहापट पीळ लागतो. त्या सवयीचा हात सेन्सरवर पडला, की आटे गेलेच.

ढिलाईही तितकीच घातक ठरते. इंजिनातील ठोक्याची कंपने टिपणारा नॉक सेन्सर ठरावीक दाबाने आवळला नसेल, तर त्याचा संदेश चुकतो. ऑक्सिजन सेन्सरपाशी फट राहिल्यास बाहेरची हवा आत शिरते आणि संगणक विनाकारण इंधन वाढवतो. अशा वेळी दोष बसवणीचा असूनही ग्राहकाच्या माथी नवा सेन्सर मारला जाण्याची शक्यता असते.

इंधन यंत्रणेत तर प्रश्न थेट जीविताचा आहे. आधुनिक डिझेल इंजिनात इंधनाचा दाब १,६०० बारच्याही वर जातो. इंजिन सुरू असताना गळती नळी आवळणे म्हणजे आगीला आणि गंभीर इजेला आमंत्रण. पंपाच्या बसवणीचेही महत्त्व मोठे आहे. इंधन गळतीच्या शक्यतेमुळे फेब्रुवारी २०१० मध्ये मारुती सुझुकीने सुमारे १ लाख ‘ए-स्टार’ मोटारी पंपाचे गॅस्केट बदलण्यासाठी परत बोलावल्या होत्या.

यावर उपाय टॉर्क पान्याचा. पण केवळ पाना घेऊन भागत नाही. आवळताना लावलेल्या जोराचा बहुतांश भाग घर्षणातच जातो. त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांना वापरल्यास बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. प्रत्येक मॉडेलचा नेमका आकडा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि नेमके तेच छोट्या गॅरेजच्या हाती सहजासहजी लागत नाही.

केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. हा हक्क कोरपन्याच्या मेकॅनिकपर्यंत पोहोचायचा असेल, तर त्याच्या मॉडेलनिहाय आकड्यांचा मराठी तक्ता गॅरेजच्या भिंतीवर लागला पाहिजे. ग्राहकानेही बिल चुकते करण्यापूर्वी एवढे विचारावे : बोल्ट मोजून आवळला, की अंदाजाने?