पुस्तक वाचताना कंटाळा येतो, मग तेच ऐकताना भारी का वाटतं?

रील्सवर सगळे एखाद्या पुस्तकाची तारीफ करत असतात. तुम्ही ते मागवता, पन्नास पानं वाचता आणि प्रश्न पडतो, यात एवढं काय आहे? मग कोणीतरी सांगतं, वाचू नको, ऐक. तुम्ही ऑडिओबुक लावता आणि तेच पुस्तक दोन दिवसांत संपतं.

असा अनुभव अनेकांना येतो. पण पुस्तक तेच, शब्द तेच, मग बदलतं काय?

आधी एक उदाहरण बघू

अँडी विअर यांची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ ही विज्ञान कादंबरी 2021 मध्ये आली आणि प्रचंड खपली. पण कथा भन्नाट असली तरी भाषा सपाट आहे आणि नायकाचे विनोद बालिश आहेत, अशी तक्रार बऱ्याच वाचकांनी केली.

याच पुस्तकाच्या ऑडिओबुकला मात्र 2022 मध्ये अमेरिकेतल्या ऑडी पुरस्कारांत वर्षातलं सर्वोत्तम ऑडिओबुक म्हणून गौरवलं गेलं. वाचन केलंय रे पोर्टर यांनी. या कथेतला परग्रहवासी शब्दांत बोलत नाही, सुरांत बोलतो. छापील पुस्तकात तिथे संगीताची चिन्हं दिसतात, ऑडिओत मात्र खरोखरचे सूर ऐकू येतात. आणि कागदावर बालिश वाटणारा विनोद घाबरलेल्या, एकट्या माणसाच्या आवाजात आला की तो बालिश राहत नाही. तो माणूस स्वतःला धीर देतोय, हे आपल्याला कळतं.

मग नेमकं काय घडतं?

पहिली गोष्ट म्हणजे निर्णय. कुठे थांबायचं, कोणता शब्द दाबून म्हणायचा, टोमणा कोणता आणि माया कोणती, हे वाचताना आपण ठरवतो. ऑडिओबुकमध्ये हे काम निवेदक करतो. लेखकाने जिथे फक्त ‘तो म्हणाला’ लिहून सोडून दिलंय, तिथे निवेदक रंग भरतो. हॅरी पॉटरच्या अमेरिकी ऑडिओबुक्ससाठी जिम डेल यांनी शेकडो पात्रांना वेगवेगळे आवाज दिले आणि त्यासाठी त्यांना दोनदा ग्रॅमी मिळालं.

दुसरी गोष्ट म्हणजे वेग. इंग्रजीत मनातल्या मनात वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला साधारण 240 शब्द असतो, तर ऑडिओबुक 150 ते 160 शब्दांच्या आसपास चालतं. म्हणजे ऐकणं हळू आहे. पण हात पोळ्या लाटण्यात किंवा लोकलच्या दांडीला धरण्यात गुंतलेले असतात, त्यामुळे एखादं पान रटाळ असलं तरी पुस्तक बाजूला पडत नाही. खुर्चीत बसून वाचताना आपण पुस्तकाकडून जास्त मागतो, भांडी घासताना कमी.

म्हणूनच संवाद आणि घटना भरपूर असलेली लोकप्रिय पुस्तकं ऐकायला सोपी जातात. जिथे प्रत्येक वाक्यापाशी थांबावं लागतं, मागे जावं लागतं, तिथे कागदच बरा.

मराठी माणसाला हे नवीन आहे का?

अजिबात नाही. पुलंचा अंतू बर्वा अनेक घरांत पुस्तकाआधी कॅसेटमधून पोहोचला. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या त्रयीच्या कथाकथनाला गावोगावी गर्दी व्हायची. 2017 मध्ये स्टोरीटेल भारतात आलं, तेव्हा मराठी श्रोत्यांचे कान आधीच तयार होते.

फरक एवढाच की पुलं आणि मिरासदार स्वतःचंच लेखन सांगत होते. ऑडिओबुकमध्ये लेखक एक आणि आवाज दुसऱ्याचा असतो. पुस्तक आवडलं की नाव मात्र लेखकाचंच होतं.

आता हा मुद्दा महत्त्वाचा का झालाय?

कारण एआय. ॲपलने 2023 मध्ये कृत्रिम आवाजात वाचलेली ऑडिओबुक्स आणली. ऑडिबलने 2025 मध्ये प्रकाशकांना एआय आवाज द्यायची घोषणा केली. यामागचं गणित सोपं आहे. स्टुडिओ, निवेदक, संपादन यांचा खर्च वाचतो. ज्या पुस्तकांचं ऑडिओबुक कधीच निघालं नसतं, ती ऐकायला मिळू शकतात. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे.

पण सुमार पुस्तकही ऐकावंसं वाटतं ते निवेदकाच्या समजेमुळे. ती समज काढून घेतली आणि फक्त स्पष्ट उच्चार उरले, तर सपाट भाषा सपाटच ऐकू येईल. शिवाय मालवणी, वऱ्हाडी किंवा कोल्हापुरी ठसका नुसत्या शुद्ध उच्चारांतून येत नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी ऑडिओबुक घेताना लेखकासोबत निवेदकाचं नावही बघा आणि नमुना ऐकून बघा. आवडलं तर पोस्ट टाकताना ते नावही लिहा. चांगल्या आवाजाला मागणी आहे हे प्रकाशकाला दिसलं, तरच तो त्या आवाजाचे पैसे मोजेल.