सोळा बाय बत्तीसचा माठ

"मामा, मी पूल बांधतोय," भाचा फोनवर म्हणाला. आईला सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून डेन्व्हरहून फोन मला. मी ताईला जसंच्या तसं सांगितलं. भायखळ्यात पूल म्हणजे रेल्वेवरचा, त्यामुळे तिने विचारलं, "कुठल्या नदीवर?" पोहायचा पूल, अंगणात, असा खुलासा केल्यावर भाजी निवडता निवडता दुसरा प्रश्न आला, "अरे, पण तिथे बर्फ पडतो ना?"

प्रश्न बरोबर होता. पण बर्फ हा त्या तलावाचा खरा वैरी नव्हे, हे कळायला मला दोन वर्षं आणि एक विमानप्रवास लागला.

हा मुलगा आमच्या बीआयटी चाळीत वाढला. मुंबईत प्लेग आल्यावर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याने बांधलेल्या या चाळी. पाणी पहाटे यायचं आणि तासाभरात जायचं. पिंप भरल्याचा आवाज बदलला की घर उठायचं. आंघोळीला माणशी एक बादली, पाहुणा असला तर पाऊण. पोहायला तो दादरला शिकला, शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी जलतरण तलावात, आणि क्लोरीनने लाल झालेले डोळे चोळत घरी यायचा. त्याने स्वतःचा तलाव खणायचं ठरवल्यावर मी पाकिटाच्या पाठीवर हिशोब मांडला. रुंदी १६ फूट, लांबी ३२, सरासरी खोली ५. एकूण पाणी सुमारे ७२,५०० लिटर. आपल्याकडे पाणीपुरवठ्याचं माप माणशी रोज १३५ लिटरचं. म्हणजे चौघांच्या घराचं जवळजवळ साडेचार महिन्यांचं पाणी एका खड्ड्यात! दहा हजार लिटरच्या टँकरने आणायचं तर सात टँकर, वर थोडं. पाकिटाचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "मामा, ते एकदाच भरायचं असतं."

इथे तो फसला. मीही मान डोलावली, म्हणजे मीही फसलो.

तलाव आला तो मात्र बघण्यासारखा. काँक्रीट फवारून करायचा, की खड्ड्यात प्लॅस्टिकचं अस्तर घालायचं, की फायबरग्लासचा तयार साचा आणायचा, असे तीन मार्ग होते. त्याने साचा घेतला, कारण थंडीत जमीन हलली तर फायबरग्लास थोडं वाकून घेतं, काँक्रीटला तडा जातो. हे साचे सोळा फुटांपेक्षा रुंद सहसा मिळत नाहीत, कारण ते ट्रकवरून रस्त्याने आणायचे असतात. व्हिडिओत क्रेनने ते निळं धूड घराच्या कौलांवरून अलगद पलीकडे नेलं. खाली चार माणसं दोर धरून, एक हातवारे करत. परळच्या कार्यशाळेतून मोठी मूर्ती बाहेर काढताना जसा जीव टांगणीला लागतो, तसा माझा लागला होता. साचा बसला की आत पाणी आणि बाहेरून खडी, दोन्ही बरोबरीने चढवत नेतात. रिकामा ठेवला तर जमिनीतलं पाणी त्याला होडीसारखं वर उचलू शकतं.

पहिल्याच उन्हाळ्यात पाण्याची पातळी रोज पाव इंच उतरायला लागली.

भाच्याची झोप उडाली. तिकडची जमीन विदर्भातल्या काळ्या मातीच्या जातीची. पाणी लागलं की फुगते, वाळली की भेगाळते. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी बेंटोनाइटची चिकणमाती ठिकठिकाणी आहे आणि तिने घरांचे पाये उचलले आहेत. तलाव गळत असेल तर ते पाणी घराखाली जाणार. ज्याने तलाव बसवला तो ठेकेदार फोन उचलेना. नेमका त्याच जूनमध्ये मी तिथे पोचलो.

कोरडी हवा म्हणजे काय ते मला तिथे समजलं. दुसऱ्या दिवशी ओठ फुटले, तिसऱ्या दिवशी नाकातून रक्त आलं. धुतलेला पंचा चहा संपेपर्यंत वाळला. ताईने दिलेल्या चकल्या मी आठवडाभर उघड्या ठेवल्या, तरी कुरकुरीत! आपल्याकडे जुलैत मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून एक मैल उंच, आणि वर्षभरात पाऊस-बर्फ मिळून ४०० मिलिमीटरही पडत नाही. मुंबईत दोन हजारांच्या वर. ऊन चटका देतं, पण सूर्य मावळला की स्वेटर शोधावा लागतो. जुलैतसुद्धा रात्री पारा पंधरा-सोळा अंशांवर येतो.

गळती शोधायचा उपाय मात्र आमच्याच घराण्यातला निघाला : बादली. तलावातल्याच पाण्याने बादली भरायची आणि तलावाच्या पायरीवर अशी ठेवायची की अर्धी पाण्यात राहील. आतल्या पाण्याला एक रेघ, बाहेरच्या पाण्याला दुसरी. चोवीस तास कोणी पोहायचं नाही. दुसऱ्या दिवशी बाहेरचं पाणी जास्त उतरलं असेल तर तलाव गळतोय. दोन्ही सारखं उतरलं असेल तर नाही. मी पेन्सिलने रेघा मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामा-भाचे उकिडवे बसून बघतोय तर दोन्हीकडे पाव इंच. तलाव धड होता. पाणी हवा पीत होती.

मग मला माठ आठवला. भायखळ्यात माठाचं पाणी कधी फार गार होत नाही, नागपुरात होतं. कूलरचंही तेच, नागपूरकरांचा तो प्राण आणि मुंबईत निव्वळ पंखा. कोरडी हवा पाणी ओढून घेते आणि जाणारं पाणी मागच्याची उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडताना मागे उरलेलं सुमारे ५८० लिटर पाणी एका अंशाने गार होतं. भाच्याच्या तलावातून रोज पाव इंच, म्हणजे तीनशे लिटर, उडत होतं. तेवढ्यानेच सगळा तलाव दिवसाला जवळजवळ अडीच अंशांनी थंड होणार. दिवसा ऊन त्यातलं काही भरून काढायचं, बाकीचं गॅसचा हीटर. तोही विरळ हवेत पूर्ण ताकदीने जळत नाही. या मुलाने पैसे मोजून सोळा बाय बत्तीसचा माठ विकत घेतला होता आणि खालून शेगडी लावली होती!

एकेकाळी आमच्याकडे हेच मुद्दाम करत. वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांना तळी लागत. कंडेन्सरमधून आलेलं कढत पाणी तळ्यात सोडायचं आणि निवलं की पुन्हा घ्यायचं. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या आवारात असं तळं आहे. गिरणीला उष्णता नकोच होती. भाच्याला ती हवी होती, आणि एवढाच फरक त्याला महिन्याच्या बिलात दिसत होता.

उपाय इतका साधा की लाज वाटावी. फुग्याफुग्यांच्या प्लॅस्टिकचं कव्हर, पॅकिंगला वापरतात तसं पण जाड. पोहून झालं की पाण्यावर पसरायचं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं म्हणणं असं की उघड्यावरच्या तलावाची सुमारे ७० टक्के उष्णता बाष्पीभवनातून जाते, आणि कव्हरने तापवण्याचा खर्च ५० ते ७० टक्के वाचू शकतो. भाच्याने रंगीत दिवे घेतले होते, पायऱ्यांना दगड लावला होता, कायद्याने लागतं ते कुंपणही घातलं होतं. कव्हर हिवाळ्यात लागतं म्हणून नंतरसाठी ठेवलं होतं. मी त्याला बोललो, आणि जरा जास्तच बोललो.

बोललो ते पैशांसाठी नव्हे. डेन्व्हरचं निम्मं पाणी रॉकी पर्वताच्या पलीकडून येतं. डिलन धरणापासून निघणारा रॉबर्ट्‌स बोगदा २३ मैलांचा आहे, १९६२ साली पुरा झाला. आपलं तरी काय? १८९२ पासून तानसाचं पाणी मुंबईला येतंय, मागून वैतरणा आली, भातसा आली; आणि ती धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत तिथले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. पर्वत फोडून आणलेलं रोजचं तीनशे लिटर पाणी नुसतं वाऱ्यावर सोडायचं, हे चाळीत पिंप भरलेल्या माणसाला शोभत नाही. "इथे लोक हिरवळीला याहून जास्त पाणी घालतात," भाचा म्हणाला. खरं असेल. शेजाऱ्याची हिरवळ मी पाहिलीच होती.

परत आल्यावर शेजारच्या मुलांना घेऊन भायखळ्याच्या राणीबागेत, प्राणिसंग्रहालयात गेलो. तिथे पेंग्विनच्या काचेपुढे उभा राहिलो आणि हसू आलं. २०१६ च्या जुलैत दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन भायखळ्यात आले. हे पक्षी मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे समुद्राचा प्रवाह थंड आणि किनारा वाळवंटासारखा कोरडा. थंड, कोरड्या किनाऱ्याच्या रहिवाशांसाठी आम्ही दमट भायखळ्यात तलाव केला, आणि तो १६ ते १८ अंशांवर ठेवायला यंत्रं रात्रंदिवस चालतात. भायखळ्याचा मुलगा तिकडे यंत्रं लावून पाणी २७ अंशांवर आणतोय. पेंग्विनांची काच मात्र पहिल्या दिवसापासून बंद आहे. आपल्या महापालिकेला जे सुचलं ते माझ्या इंजिनिअर भाच्याला सुचलं नाही.

ऑक्टोबरमध्ये त्याने तलाव मिटला, तेव्हा व्हिडिओ कॉलवर ताईला मुद्दाम बसवलं. पाणी थोडं उतरवलं होतं, स्किमरच्या तोंडाखाली. मग कॉम्प्रेसर लावून नळ्यांतलं पाणी फुंकून काढलं. तलावात बुडबुड्यांचा धबधबा उठला, नळ्यांच्या तोंडांना बुचं बसली. पंप, फिल्टर, हीटर सगळे कोरडे केले. उरल्यासुरल्या नळीत गुलाबी अँटिफ्रीझ.

"आणि एवढं पाणी काढणार कधी?" ताईने विचारलं.

"काढायचं नाही, आई. आतच राहतं."

"मग बर्फ होईल त्याचा."

"वरच्या वर होईल. खाली पाणीच."

पाणी चार अंशांना सगळ्यात जड असतं, ते तळाशी बसतं, आणि बर्फ तरंगतो, म्हणून वर साय धरते आणि खाली तलाव शाबूत राहतो. मोडतात त्या नळ्या. गोठताना पाणी नऊ टक्के फुगतं आणि नळीत त्याला जागा नसते. हे मी ताईला समजावत होतो तोवर ती पडद्यावर दुसरंच बघत होती. हिवाळ्याचं जाड कव्हर ओढून चहूबाजूंनी बांधत होते.

"हे आधी का नाही घेतलं?" ती म्हणाली.

तुमचं कोणी डेन्व्हरला, कॅल्गरीला किंवा तसल्याच थंड, कोरड्या गावी अंगणात तलाव करत असेल, तर कृपा करून आजच फोन करा. दिवे आणि दगड नंतर निवडा म्हणावं, पहिलं बिल कव्हरचं येऊ दे. आणि एक बादली जवळ असू दे.