गौरीचा सण आणि ऋतूचे गणित

भाद्रपद समीप आला, की घरोघरी पंचांग उघडते. गणेशस्थापनेची वेळ कोणती, अनुराधा नक्षत्रावर गौरींचे आवाहन कधी, ज्येष्ठेवर पूजन कोणत्या दिवशी, याची चौकशी सुरू होते. त्याच वेळी घरातली सून किंवा लेक आणखी एक गणित मनातल्या मनात मांडीत असते. कीर्तन आटोपून आम्ही निघालो, की एखादी माउली बाजूस होऊन हळूच विचारते, "बुवा, सुनेचे दिवस ऐन गौरीत येतील असे वाटते. मागच्या महिन्यात चार दिवस आधीच बसली. गोळी घेतली तर दोष लागेल का?" हा प्रश्न एका घरचा नाही. म्हणून सणाच्या या पानावर, संकोच बाजूला ठेवून, त्याचा विचार करणे आम्हांस आवश्यक वाटते.

पाळीचे चक्र स्रावाच्या पहिल्या दिवसापासून पुढील स्राव सुरू होईपर्यंत मोजावयाचे असते. अठ्ठावीस दिवस हा केवळ ढोबळ मध्यम हिशेब होय. प्रौढ स्त्रीचे चक्र २१ ते ३५ दिवसांचे असले, तरी ते सामान्यच समजतात. आणि एकाच स्त्रीचे चक्र एका खेपेस २६ दिवसांचे, तर दुसऱ्या खेपेस ३० दिवसांचे होऊ शकते. याचे कारण शरीराच्या रचनेतच आहे. चक्राच्या पूर्वार्धात स्त्रीबीज पक्व होते आणि ते सुटल्यावर उत्तरार्ध सुरू होतो. हा उत्तरार्ध बहुधा दोन आठवड्यांच्या आसपास राहतो. लांबतो किंवा आखडतो तो मुख्यतः पूर्वार्ध. आजारपण, मनाचा ताण, कडक उपवास, वजनात एकाएकी पडलेला फरक यांमुळे बीज सुटण्यास विलंब झाला, की पाळीही पुढे जाते. सणापूर्वीची दगदग आणि 'आता कसे होणार' ही धास्ती हीसुद्धा तारीख हलण्यास निमित्त होऊ शकते.

नुकत्याच वयात आलेल्या मुलींचे चक्र पहिली दोन-तीन वर्षे ४५ दिवसांपर्यंतही लांबते. पाळी जाण्याच्या वयातही असाच अनियमितपणा येतो. ऋतुकालाचा आरंभ बाराव्या वर्षाच्या सुमारास आणि शेवट पन्नाशीच्या सुमारास, असे सुश्रुतसंहितेने सांगून ठेवले आहे. हा विषय अमंगळ म्हणून आपल्या आयुर्वेदाचार्यांनी टाळला नाही, हे ध्यानात घ्यावे.

आपण तर तिथी मानणारी माणसे. प्रत्येक तिथी चोवीस तासांचीच असते काय? एखादी वीस तासांच्या जवळपास आटोपते, एखादी सव्वीस तासांहूनही अधिक चालते. म्हणून पंचांगात क्षय येतो, वृद्धी येते. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मासही येतो. यासाठी चंद्राला कोणी बोल लावीत नाही. मग घरच्या लक्ष्मीचा दिवस दोन-चार दिवस इकडे-तिकडे झाला, तर तिलाच कां बोल लावावा? केरळात चेंगन्नूरच्या मंदिरात देवीच्या रजोदर्शनाचा उत्सव होतो. त्याची तारीख आधी ठरलेली नसते. देवीचा योग येईल तेव्हाच उत्सव होतो. जगन्मातेच्या बाबतीत जे आपण भक्तिभावाने स्वीकारतो, ते घरातल्या मातेच्या बाबतीत स्वीकारण्यास अडचण नसावी.

ऋषिपंचमीचे व्रत रजोधर्माशीच जोडलेले आहे. त्याच्या कहाणीत विटाळाची गोष्ट येते. परंतु तारीख चुकली म्हणून स्त्री दोषी, असे त्या कहाणीतही नाही. व्रत आरंभिल्यावर रजोदर्शन झाले, तर उपवासादी नियम स्त्रीने स्वतः पाळावे आणि पूजा दुसऱ्याकडून करवावी, अशी सोय आपल्या निबंधग्रंथांनी लावून दिली आहे. पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्ये यांनी १७९० च्या सुमारास रचलेला 'धर्मसिंधु' हा त्यांतलाच एक. ऋतूचा दिवस सांगून येत नाही, हे जाणूनच ही व्यवस्था झाली. नामस्मरणाला आणि मानसपूजेला तर कसलाच अडसर नाही.

आता गोळीविषयी. ती घेण्यात पाप आहे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु शेजारणीच्या सांगण्यावरून दुकानातून आणून घेतलेल्या गोळीत पुण्यही नाही. ही हार्मोनची औषधे आहेत. ज्यांच्या रक्तात पूर्वी गुठळी झाली आहे, ज्यांना यकृताचा विकार आहे किंवा ज्यांना दिवस गेल्याची शंका आहे, त्यांना ती घातक ठरू शकतात. शिवाय अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी ती सुरू करावी लागतात. मूळ तारीखच हलती असली, तर तो हिशेबही फसतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ती कोणीही घेऊ नये आणि कोणी सुनेला घ्यावयास लावू नये.

मात्र सर्वच फरक सामान्य समजून गप्प बसणेही योग्य नव्हे. तीन महिने पाळी आली नाही, स्राव आठवड्याहून अधिक चालला, फार जाऊ लागले, अथवा पाळी बंद होऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर सण आटोपण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. लेकीसुनांनी पहिल्या दिवसाची तारीख दिनदर्शिकेवर टिपून ठेवावी; सहा महिन्यांत आपल्या शरीराची चाल आपल्याला कळू लागते.

घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस आमची विनंती एवढीच, की यंदा सुनेने दबक्या आवाजात 'माझी अडचण आली' असे सांगितले, तर कपाळाला आठी घालू नका. "असू दे बाळ, तू आज विसावा घे, आरती घरातले दुसरे कोणी करील," असे म्हणा. माहेरवाशीण म्हणून आलेली गौर ते शब्द ऐकून खचित प्रसन्न होईल.