गोळीआधी ब्लॉकची तपासणी

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन जालना, बीड, परभणीकडून शहरात फेरतपासणीला येणाऱ्या रुग्णाचे नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, आता लिव्हरमध्ये तर जाणार नाही ना?" भीती रास्त आहे. आतड्याचे रक्त पोर्टल शिरेतून थेट यकृतात जाते आणि वाटेत सुटलेल्या कर्कपेशींना प्लेटलेट्स व फायब्रिनचे कवच मिळते. म्हणून रक्त पातळ ठेवावे, हा विचार सुचणे स्वाभाविक आहे.

पण हेपॅरिनने निराशा केली. कॅनडा व बेल्जियममधील ६१४ रुग्णांच्या चाचणीत टिंझापॅरिन हे हेपॅरिन शस्त्रक्रियेनंतर ५६ दिवसांपर्यंत देऊनही आजार उलटण्याचे प्रमाण घटले नाही (२०२२). गुठळी टाळण्यासाठी ते द्यायचेच. प्रसार रोखण्यासाठी नव्हे.

ॲस्पिरिनची गोष्ट वेगळी आहे. प्लेटलेट्समधले थ्रॉम्बॉक्सेन टी-पेशींना दडपते आणि ॲस्पिरिन ते थांबवते, असे २०२५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. तरी सरसकट दिलेल्या ॲस्पिरिनचा 'ॲस्कॉल्ट' चाचणीत ठोस फायदा दिसला नाही. २०२५ च्याच स्कँडिनेव्हियातील 'अलास्का' चाचणीत मात्र पीआयके३सीए जनुकात ठरावीक बदल असलेल्यांना रोज १६० मिलिग्रॅम, तीन वर्षे दिल्यावर आजार उलटण्याचे प्रमाण १४.१ वरून ७.७ टक्क्यांवर आले. या जनुकाच्या संदेशमार्गातील बदल तपासलेल्यांपैकी ३७ टक्क्यांत सापडले. उरलेल्यांना गोळी देणे म्हणजे पुराव्याशिवाय रक्तस्रावाचा धोका पत्करणे. गंभीर दुष्परिणाम ॲस्पिरिन गटात १६.८ टक्के होते, प्लासिबो गटात ११.६.

'अलास्का'तल्या रुग्णांत आजाराचा प्रसार झालेला नव्हता, हेही विसरू नये. यकृतात गाठी दिसल्यावर ॲस्पिरिन सुरू करण्याला या चाचणीचा आधार नाही. हृदयविकारासाठी आधीच क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन घेणाऱ्यांना तर परस्पर ती जोडूच नये. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचा सहभाग असलेली 'ॲड-ॲस्पिरिन' चाचणी आपल्याकडच्या रुग्णांविषयी अधिक सांगेल, पण तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही.

शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा पॅराफिन ब्लॉक पॅथॉलॉजी विभागात जपलेलाच असतो. 'अलास्का'त गोळी शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आत सुरू झाली होती. म्हणून शस्त्रक्रियेच्या नमुन्याचा अहवाल हाती येताच त्या ब्लॉकवर पीआयके३सीएची तपासणी मागवा आणि प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर तिचा निकाल लिहा.