चढ घरापासूनच सुरू होतो

यंदा थंडीत आम्ही बारा जणींनी कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात दोन रात्री राहायचं ठरवलं. बारी गावात तंबू ठोकायचे आणि पहाटे लोखंडी शिड्यांच्या वाटेनं १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई शिखर गाठायचं. बैठकीत मी नकाशा पसरला. पण बोलणं झालं ते वेगळंच. सासूबाईंची औषधं कोण देईल? पाळी आली तर? ‘बरोबर पुरुष कोण?’ असं घरी विचारलं तर काय सांगायचं? दोघींनी तिथंच नावं मागं घेतली.

मला वाटतं, हे प्रश्न किरकोळ नाहीत. नियोजन इथूनच सुरू व्हायला हवं. दोन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवून निघायचं, ही सुट्टी नव्हे. ते आगाऊ उरकलेलं काम आहे. ते घरच्यांनी वाटून घ्यावं, असं आपण स्पष्ट सांगायला हवं. आणि बारीतल्या ज्या बाया आपल्याला भाकरी करून देतील, त्यांच्या कामाचे पैसे आधी ठरवून त्यांच्याच हातात द्यायचे. आपली भांडी आपणच घासायची.

लोककथेतली कळसू कोळ्याची पोर. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, या अटीवर ती कामाला राहिली. अट मोडली गेली, तेव्हा डोंगरावर निघून गेली, ती परतलीच नाही. मैत्रिणींनो, आपण तर तिसऱ्या दिवशी परतणार आहोत. तेवढ्यासाठीही परवानगी मागायची का?