पैसेही ठेकेदारच आणतो तेव्हा

तिजोरीत खडखडाट असलेल्या सरकारला एक प्रस्ताव हमखास भुरळ घालतो. बांधकाम आम्ही करतो, पैशांची सोयही आम्हीच लावतो, तुम्ही फक्त सही करा. आफ्रिका आणि आशियातल्या अनेक देशांत गेल्या वीस वर्षांत बंदरं, रेल्वे आणि धरणं याच वाटेने उभी राहिली. कंपनी येते ती आपल्या देशाच्या बँकेचं कर्ज सोबत घेऊनच.

केनियाची मोंबासा–नैरोबी रेल्वे हे त्याचं ठळक उदाहरण. 2014 मध्ये केनियाने चीनच्या एक्झिम बँकेकडून सुमारे 3.2 अब्ज डॉलर कर्ज घेतलं आणि बांधकाम चायना रोड अँड ब्रिज या चिनी कंपनीकडे गेलं. खुली निविदा निघाली नाही. काम मात्र झपाट्याने झालं आणि मे 2017 च्या अखेरीस गाडी धावू लागली. या वेगाचं श्रेय द्यायलाच हवं.

पण त्या कामाचा वाजवी भाव किती होता? ते कळायला मार्गच उरला नव्हता, कारण दुसऱ्या कोणाला दर विचारलाच गेला नाही. प्रकरण कोर्टात गेलं. खरेदीचे नियम धाब्यावर बसवले गेले, असा निकाल केनियाच्या अपील न्यायालयाने 2020 मध्ये दिला. तोवर गाडी तीन वर्षं धावत होती. पुढे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. दोन सरकारांमधल्या वाटाघाटीतून आलेल्या कर्जाच्या अशा व्यवहाराला निविदेचा कायदा लागू होत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणजे बेकायदा काहीच घडलं नाही, आणि खरी चिंता तीच आहे. कर्ज दारात आलं की निविदा कायदेशीरपणेच बाजूला सारता येते.

कर्जाच्या करारातली कलमंही वाचण्यासारखी आहेत. ती लोकांसमोर आली 2022 च्या नोव्हेंबरात, सरकार बदलल्यावर. वाद झाला तर लवाद बीजिंगमध्ये, आणि कराराच्या अटी गुप्त ठेवण्याचं बंधन. त्याशिवाय, रेल्वेला ठरावीक माल मिळेल याची हमी बंदर प्राधिकरणाने द्यायची होती. पुढे मोंबासाला उतरणारा आयात माल रेल्वेनेच न्यावा, असे आदेशही निघाले. आयातीवर रेल्वे उपकर तर 2013 पासूनच होता, म्हणजे गाडीत कधी न बसलेला केनियन माणूसही दुकानात तिचे पैसे भरतो. युगांडाच्या सीमेपर्यंत जायचा हा मार्ग नैरोबीपुढे सुस्वाजवळ येऊन अडला. पुढच्या टप्प्याला कर्ज मिळालं नाही.

याचा अर्थ ठेकेदाराने पैसा उभा करणं मुळातच वाईट, असा नाही. आपल्याकडे केंद्राने 2016 मध्ये रस्त्यांसाठी ‘हॅम’ (हायब्रिड ॲन्युइटी मॉडेल) पद्धत आणली. तीत खर्चाचा 40 टक्के वाटा सरकार बांधकाम सुरू असताना देतं. उरलेले 60 टक्के ठेकेदार उभे करतो आणि रस्ता झाल्यावर 15 वर्षं, सहामाही हप्त्यांनी, व्याजासकट वसूल करतो. इथे दर निविदेतून ठरतो, हा मोठा फरक. मुंबई आणि नवी मुंबईला जोडणाऱ्या अटल सेतूची कथाही आठवावी. खासगी पैशातून पूल बांधण्यासाठी 2013 मध्ये निविदा मागवली, तेव्हा एकही कंपनी पुढे आली नाही. मग मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) जपानच्या जायका या सहकार्य संस्थेचं कर्ज मिळवलं, कामाचे भाग पाडून निविदा काढल्या आणि जानेवारी 2024 मध्ये सुमारे 22 किलोमीटरचा सेतू खुला झाला. परदेशी कर्ज घेऊनही कामाला स्पर्धा लावता येते, ती अशी.

तरीही महाराष्ट्राने निर्धास्त राहू नये. राज्याने हॅमची वाट धरली, तर तिचा हप्ता हेही कर्जच आहे, फक्त ते ठेकेदाराच्या नावावर दिसतं. आज फीत कापणारा मंत्री पंधरा वर्षांनी त्या खात्यात नसेल, हप्ता मात्र असेल. म्हणून राज्य सरकारने दोन गोष्टी कराव्यात. पैसा कोणाचाही असो, बांधकामाचा दर स्वतंत्र निविदेतूनच ठरवावा. आणि दर अर्थसंकल्पासोबत प्रत्येक रस्त्याचा, पुलाचा पुढच्या पंधरा वर्षांचा देय हप्ता वर्षवार तक्त्यात विधिमंडळापुढे ठेवावा. तो तक्ता येत्या अधिवेशनात आमदारांनी, पक्ष न पाहता, मागून घ्यावा.