टायटॅनियमची मूठ

घडीच्या चाकूला टायटॅनियमची मूठ कशाला लागते, याचं पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. विचारलं की तीच तीन उत्तरं येतात. हलकी असते, मजबूत असते, गंजत नाही. तिसरं खरं आहे. पहिली दोन ऐकली की मात्र माझं डोकं फिरतं. (माझा एक मामेभाऊ हे वाचतोय, मला माहीत आहे. बाबा रे, राग मानू नकोस, पण हो, तुझ्याच खिशातल्या चाकूबद्दल लिहितोय.)

हलकेपणाचंच बघू. घनतेचे आकडे शाळेच्या पुस्तकातले आहेत : पोलाद ७.८, टायटॅनियम ४.५, अॅल्युमिनियम २.७. म्हणजे टायटॅनियम हलकं ते पोलादापुढे. पण मूठ पोलादाचीच करा असं कुणी सांगितलंय? काचेचे तंतू आणि इपॉक्सी दाबून केलेलं जी-१० दोनच्याही आत येतं, आणि लाकूड तर पाण्यावर तरंगतं. फ्रान्सच्या साव्हाच्या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये लाकडी मुठीचा साधा घडीचा चाकू केला. तो आजही मिळतो, बीचच्या लाकडाच्या मुठीत. त्यातला आठ नंबरचा साधारण पन्नास ग्रॅम भरतो. टायटॅनियमवाल्यांचा लाडका मोठा सेबेंझा एकशे तीसच्या आसपास जातो. पात्याच्या लांबीत फरक जेमतेम बोटाच्या पेराएवढासुद्धा नाही. आता सांगा, हलका कोण?

यातली खरी गंमत पुढे आहे. मूठ जड होते म्हणून कारखानदार ती आतून पोखरतात. आधी महाग धातूची जाड पट्टी घ्यायची, मग मशीनवर खळगे पाडून त्यातला धातू काढून टाकायचा, आणि गिऱ्हाईकाने दोन्हीचे पैसे द्यायचे. बरं, धातू गुळगुळीत, ओल्या हाताला निसटतो. म्हणून वर खाचा पाडायच्या. त्याचे पैसे वेगळे!

मजबुतीबद्दल काय बोलणार? अमेरिकेच्या एसआर-७१ विमानाचा सांगाडा बहुतांशी टायटॅनियमचा होता. शीतयुद्धाच्या त्या काळात त्यासाठीचा माल आडवाटेने सोव्हिएत रशियातूनच मिळवला होता, ही गोष्ट चाकूवाल्यांना फार प्रिय. ते विमान आवाजाच्या तिप्पट वेगाने उडायचं आणि हवेच्या घर्षणाने तापायचं. आपण खोक्यावरची चिकटपट्टी कापतो, सफरचंद चिरतो, फार तर एखादी दोरी. यात मूठ मोडलेली मी तरी पाहिली नाही. मोडतं ते पात्याचं टोक, आणि बहुतेक वेळा चाकूने डबा उचकटायला गेल्यामुळे.

आता या धातूच्या बाजूने जे खरं आहे ते सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. टायटॅनियममधून उष्णता फार हळू वाहते. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत अॅल्युमिनियम जसं हाताला चावतं तसं हे चावत नाही. घामाने, समुद्राच्या खाऱ्या हवेने याला काही होत नाही. आणि रंग! विजेचा प्रवाह देऊन याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढवतात. थर किती जाड, त्यावर जांभळा, निळा, सोनेरी रंग ठरतो. रंगद्रव्याचा थेंबही नसतो, साबणाच्या फुग्यावर दिसतात तसलेच ते रंग. (खिशात किल्ल्यांशी घासून ते जातात, ही गोष्ट वेगळी.)

पण जो गुण हाताला सुखावतो तोच खिसा कापतो. उष्णता वाहत नाही म्हणून मशीनवर कापताना सगळी उष्णता हत्याराच्या धारेवरच साठते. हत्यारं लवकर जातात, काम सावकाश करावं लागतं. त्याआधी धातू मिळवणंच किचकट. खनिज काही दुर्मीळ नाही. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतसुद्धा इल्मेनाइट आहे. जगातलं बहुतेक सगळं असलं खनिज पांढऱ्या रंगाची भुकटी होऊन भिंतींवर जातं. धातू हवा असेल तर विल्यम क्रोलने १९४० च्या सुमारास बसवून दिलेली रीत : क्लोराइड करा, हवाबंद भांड्यात तापलेल्या मॅग्नेशियमशी गाठ घालून द्या, जो सच्छिद्र गोळा निघेल तो निर्वातात वितळवा. एवढे सायास विमानासाठी, मोडक्या हाडातल्या पट्टीसाठी केले तर मी हात जोडीन.

एका ठिकाणी टायटॅनियम खरंच कामाचं आहे, ते म्हणजे कुलपात. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आयडाहोला गेलेल्या ख्रिस रीव्हने सेबेंझात मुठीचीच एक बाजू चिरून तिची स्प्रिंग केली. पातं उघडलं की ती आत सरकून त्याला अडवते. कल्पना सुरेख आहे, आणि टायटॅनियम लवचीक असल्याने ती साधते. पण तिथेही एक मेख आहे. हा धातू पाणी दिलेल्या पोलादापेक्षा मऊ असतो, आणि पोलादावर घासला की चिकटू पाहतो. म्हणून पुष्कळ कंपन्या टायटॅनियमच्या टोकाला पोलादाचा तुकडा बसवतात. खुद्द सेबेंझाच्या २०१९ च्या आवृत्तीत तिथे सिरॅमिकची गोळी आली. म्हणजे जिथे खरा भार येतो नेमकं तिथेच टायटॅनियमला बाजूला व्हावं लागलं.

रीव्हच्या कामाबद्दल मला आदरच आहे. तो चाकू चांगला आहे तो जोडणीच्या नेमकेपणामुळे, आणि तो नेमकेपणा दुसऱ्या मुठीतही तितकाच चांगला दिसला असता. माझं भांडण गिऱ्हाइकांशी आहे. चारशे डॉलरांच्या वरचा चाकू घेतला की माणूस तो वापरायला घाबरतो. चरा पडेल! मग तो मऊ कापडात जातो आणि फळं कापायला ओट्यावरची सुरी येते. 'सेबेंझा' हा झुलू शब्द आहे, अर्थ 'काम'. बिचारा शब्द.

आणि चर्चा कशाची, तर मुठीची. पात्याला पाणी कसं दिलंय, धारेमागे पातं किती पातळ आहे, यावर कापणं ठरतं. आमच्या आजीच्या विळीचा पाट कुठल्या लाकडाचा होता ते घरात कुणालाही सांगता येणार नाही, पण पातं दारावर येणाऱ्या धारवाल्याकडून कधी लावून घ्यायचं ते तिला बरोबर कळायचं.

तुम्हाला निळ्या-जांभळ्या मुठीचा चाकू दागिना म्हणून आवडतो? खुशाल घ्या. लोक घड्याळं घेतात, पेनं घेतात. फक्त 'कामासाठी लागतो' असं घरात सांगू नका. वहिनी हा ब्लॉग वाचतात.

पुढच्या खेपेला कुणाला काही आणायचं असेल तर आताच सांगा. आठ नंबरचे दोन ओपिनेल घेऊन ठेवलेत, चेक-इन बॅगेत येतील. एक मामांना. दुसरा जो आधी कॉमेंट टाकेल त्याचा. लाकूड ओलं झालं की फुगतं आणि पातं उघडायला जड जातं, ही तक्रार मात्र माझ्याकडे आणू नका. थोडा वेळ सुकू द्या, उघडतं.